जर्मन नारळबंधू आणि आठ किलो खजूर

मिरजेला परत आल्यापासून जो भेटतो तो पहिल्यांदा हेच विचारतो, "ती उंच इमारत बघितलीस का?" बघितली. खालून बघितली. वर जायच्या तिकिटाचे माझ्या भावाने आधी दिरहम सांगितले, मग त्याचे रुपये करून सांगितले, तेव्हा मी म्हटलं, खालूनही चांगलीच दिसते. वाळवंट बघितलं, सोन्याचा बाजार बघितला. पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते दोन जर्मन माणसांबद्दल. दहा दिवसांच्या मुक्कामात त्यांना मी आधी बुडवत आणलं आणि मग कसंबसं काठाला ओढलं.

आधी माझ्याबद्दल. माझं मिरजेत मंगल कार्यालय आहे. बावीस वर्षं मी लग्नं लावते. म्हणजे लावतात गुरुजी, पण ती मुहूर्तावर लागावीत म्हणून घसा मी फोडते. त्यामुळे कुठेही गेले तरी माझं लक्ष आधी पंगत, पाणी आणि वाजंत्री यांच्याकडे जातं. लोक देवळात कळस बघतात, मी चपला ठेवायची सोय बघते. इलाज नाही.

धाकटा भाऊ अविनाश सतरा वर्षं दुबईत नोकरीला आहे. बायको मधुरा, मुलगी इरा. इरा सोळा वर्षांची, तिथेच वाढलेली. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्या घरातला करार आहे. अविनाश यंदा तिथल्या एका मराठी मंडळाचा सांस्कृतिक चिटणीस झाला होता आणि त्याच्या अंगात ते पद चांगलंच भिनलं होतं. विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्याने मला सांगितलं.

"ताई, ह्या वर्षी संक्रांतीच्या स्नेहसंमेलनाला मी एकदम डिफरंट अरेंज केलंय. दरवर्षी तीच लावणी, तीच नाट्यगीतं. खलास. ह्या वर्षी कॅरिबियन बँड."

"कुठला?"

"कॅरिबियन ग. वेस्ट इंडीज."

अविनाश क्रिकेटवेडा. वेस्ट इंडीज म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे लहानपणी रेडिओवर ऐकलेले, साडेसहा फुटी गोलंदाज उभे राहतात. बँडच्या स्वागतासाठी त्याने वेगवान गोलंदाजीवर भाषणसुद्धा लिहून ठेवलं होतं. किती मिनिटांचं, विचारलं तर म्हणाला, "फार नाही, पंचवीस." बँडची माणसं त्याने पाहिली नव्हती. सगळं फोनवर ठरलं होतं. मी लग्नाचा बँड ठरवते तेव्हा आधी जाऊन त्यांचा ट्रंपेटवाला शुद्धीवर आहे का ते बघून येते. मी म्हटलं, "आधी ऐकून येऊ."

अल ऐन, तिसरा दिवस

हा बँड तेव्हा अल ऐनच्या एका हॉटेलात दुपारच्या जेवणाला वाजवत होता. दुबईहून दीड तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना वाळू, मध्ये मध्ये उंट, आणि उंटांना रस्त्यावर येऊ न देणारं कुंपण. आपल्याकडे गाई रस्त्यावर आणि माणसं कुंपणात, हा फरक लगेच जाणवतो.

अल ऐन मला दुबईपेक्षा आवडलं. उंच इमारती नाहीत, घाई नाही. गावाच्या मध्यभागी खजुराची मोठी बाग आहे आणि बागेतून पाण्याचे छोटे पाट काढलेत. एकेका शेताला पाळीने पाणी देतात म्हणे. ते ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण पाण्याची पाळी म्हटली की भांडण आलं आणि भांडण आलं की गाव आलं. बागेबाहेर एका बाईने गरम गरम लुकैमात तळून दिले. म्हणजे आपले गुलगुलेच, वर खजुराचा पाक. मी आठ खाल्ले. मधुराने दोन खाऊन साखर वाढते म्हणून सांगितलं, तेव्हा मी तिचेही खाल्ले.

हॉटेलात पोहण्याच्या तलावाच्या कडेला छोटा मंच होता. वर फुलाफुलांचे शर्ट घातलेले दोन गोरे. एक उंच, साठीचा, नाक उन्हाने भाजून टोमॅटो झालेलं. दुसरा बुटका, कीबोर्डमागे, चेहऱ्यावरची माशी हलत नाही असा. अविनाश इकडेतिकडे बघत राहिला.

"बँड कुठाय?"

"पपा, दॅट इज द बँड," इरा म्हणाली.

"हे? हे तर गोरे आहेत."

"दे आर जर्मन. इट सेज हिअर. फ्रॉम बोखुम."

अविनाशचं तोंड बघवेना. त्याची पंचवीस मिनिटं एका क्षणात हवेत विरली. मी मात्र ऐकत होते. उंच माणसापुढे स्टँडवर एक भलंमोठं लोखंडी भांडं होतं, तेलाच्या पिंपाचं बूड कापून खोलगट केल्यासारखं. आत लहानमोठे उमटलेले गोल. तो रबर लावलेल्या दोन काठ्यांनी त्यावर टोकरत होता आणि आवाज येत होता पाण्याखाली घंटा वाजाव्यात तसा. माझं बालपण मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलं. सूर लागला की माझ्या मानेवर काटा येतो. त्या भांड्याने काटा आणला.

पण ऐकत मी एकटीच होते. साठ-सत्तर माणसं त्याच्याकडे पाठ करून कोळंबी सोलत होती.

मध्यंतरात आम्ही त्यांना भेटलो. उंच तो उवे, बुटका तो होल्गर. होल्गरने हात मिळवला आणि गप्प बसला. उवे बोलका. माझं इंग्रजी कार्यालयाच्या बुकिंगपुरतं, म्हणून इराला मध्ये बसवलं.

बँडचं नाव जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक होतं. अर्थ विचारला तर नारळबंधू. उवे तरुणपणी बोखुमला ट्रामची दुरुस्ती करायचा. त्याला हांबुर्गच्या बंदरात विन्स्टन नावाचा त्रिनिदादचा माणूस भेटला, बोटीवरचा स्वयंपाकी. ते भांडं विन्स्टनचं. त्याने उवेला वाजवायला शिकवलं, उवेने त्याला जर्मन पार्टीची गाणी शिकवली, होल्गरला कुठून तरी पकडून आणलं, आणि एकतीस वर्षांपूर्वी तिघांनी एक गाणं केलं. नाव, 'मोज्यांशिवाय त्रिनिदादला'. उवे अभिमानाने सांगत होता की एक अख्खा उन्हाळा जर्मनीतल्या प्रत्येक बिअरच्या मांडवात ते वाजलं. लोक एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून आगगाडी करायचे आणि बाकांवरून, टेबलांवरून, एकदा तर एका पोलीस ठाण्यातून फिरून आले.

"आणि मग?" मी विचारलं.

मग दुसरं गाणं, 'अननस आणि आजी'. ते कोणी ऐकलं नाही. मग स्पेनच्या बेटावरचे बार, मग मोठ्या बोटी, मग फर्निचरच्या दुकानांची उद्घाटनं, मग आखाती हॉटेलं. त्रिनिदादला तो स्वतः कधी गेलाच नव्हता. उन्हात त्याची कातडी सोलते म्हणे.

"विन्स्टन कुठाय?"

उवेने भांड्याच्या काठावर कोरलेलं नाव दाखवलं. विन्स्टन चार वर्षांपूर्वी गेला. जाण्यापूर्वी त्याने एक नियम घालून दिला होता. लोक उठेनासे झाले की आपण थांबायचं. आणि भांडं त्रिनिदादला त्याच्या बहिणीकडे पाठवायचं.

"गेले तीन महिने एकही माणूस खुर्चीवरून उठलेला नाही," इराने भाषांतर केलं. तिचा आवाज जरा उतरला होता. "आत्या, ही सेज युअर्स इज द लास्ट शो ऑन द लिस्ट. इफ नोबडी गेट्स अप, दॅट्स इट. दे आर डन."

अविनाश बँड रद्द करायचा विचार करत होता हे मला त्याच्या मिशीवरून कळत होतं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. मोठी बहीण असण्याचे काही फायदे असतात.

परतीच्या वाटेवर

आता माझी चूक. उवेच्या भांड्याची पेटी मोडली होती आणि त्यांना दुबईला न्यायला आलेल्या छोट्या टॅक्सीत कीबोर्ड आणि दोन जर्मन एवढंच मावत होतं. अविनाशला पाहुणचाराची लहर आली. "हबीबी, नो प्रॉब्लेम, आय विल ब्रिंग. टुमॉरो मॉर्निंग, युअर हॉटेल." भांडं आमच्या डिकीत आलं.

गावाबाहेर पडताना खजुराचा बाजार लागला. साठ दिरहम किलो, म्हणजे चौदाशे रुपये, असं अविनाशने मोठ्याने म्हटलं. मी घासाघीस करून चाळीसवर आणला आणि त्या आनंदात आठ किलो घेतला. डिकी उघडली. समोर ते भांडं, रिकामं. उद्या परत द्यायचं.

हे वाद्य आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी नुकतंच ते ऐकून आले होते. पण आकार भांड्याचा होता आणि माझ्या आईने मला काय शिकवलं असेल तर एकच, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. शेजारणीची वाटी असो की व्याह्यांचं पातेलं, चार दाणे साखर तरी घालायची. हात आपोआप चालले. आठही किलो खजूर मी त्यात रचला. मनात म्हटलं, निम्मा त्यांना, निम्मा आपल्याला. वर माझी पर्स ठेवली. डिकी लागेना.

"यल्ला ताई, दाब जरा," अविनाश पुढून म्हणाला.

मी दाबली. लागली नाही. मग मी तिच्यावर बसले. माझं वजन इथे लिहायची गरज नाही. डिकी लागली. आतून एक आवाज आला. मधुराने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे बघितलं.

रास अल खोर, चौथा दिवस

सकाळी हॉटेलच्या आवारात उवेने भांडं घेतलं. खजूर बघून तो हसला, दोन खाल्ले, धन्यवाद म्हणाला. मग भांडं रिकामं करून सवयीने काठी फिरवली आणि थांबला. पुन्हा फिरवली. तीन गोल मुके झाले होते. मुके म्हणजे, पूर्वी जिथे घंटा होती तिथे आता बादली होती.

तो मला एक शब्दही वाईट बोलला नाही. ते जास्त लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मीही चार दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तो फक्त तिथल्या पायरीवर भांडं मांडीवर घेऊन बसला आणि विन्स्टनच्या नावावरून बोट फिरवत राहिला. हे भांडं दुरुस्त करणारा माणूस कुठे मिळेल, विचारलं तर म्हणाला, त्रिनिदादला. कार्यक्रम परवा.

मी गाडीत बसून पदर डोळ्यांना लावला. मधुरा म्हणाली, "ताई, लोखंडाला पोचा गेलाय. पोचा काढायला इथे काय कमी आहेत? माझी गाडी तीनदा ठोकलीय मी." दोघा जर्मनांना भांड्यासकट गाडीत घालून आम्ही निघालो.

रास अल खोर हा शहराचा असा भाग आहे जो कुणी पाहुण्यांना दाखवत नाही. गोदामं, घाऊक बाजार, गॅरेजं, आणि इंच इंच ग्रीस. मला तिथे पाऊल टाकल्याबरोबर बरं वाटलं. आपल्या औद्योगिक वसाहतीत आल्यासारखं. मधुराचे डेंटर बशीरभाई मूळचे सियालकोटचे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी भांडं उलटंसुलटं करून पाहिलं.

"बहनजी, ये कौन सी गाड़ी का पार्ट है?"

"गाड़ी का नहीं भाई, गाने का है."

बशीरभाईंनी उवेच्या फुलाफुलांच्या शर्टाकडे बघितलं आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. मग कडक चहा मागवला. या चहाला तिथे 'करक' म्हणतात आणि तो इतका घट्ट असतो की चमचा टेकून उभा राहील.

पुढचे चार तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी रंगाच्या डब्यावर बसले. बशीरभाई लहान हातोडीने आतून एक टोला देत, बाहेरून दोन. उवे काठी मारी. मी सांगे, "उतरलाय. अजून. आता चढला. भाई, ज़्यादा हो गया." होल्गर मोबाईल पुढे धरून उभा होता. त्यावर सूर दाखवणारी सुई होती. सुई आणि मी बहुतेक वेळा एकाच मताचे होतो, आणि नव्हतो तेव्हा उवेने माझं ऐकलं. शेजारच्या गॅरेजांतून केरळी, पठाण, बंगाली असे वीसेक लोक जमले. प्रत्येकाचं मत वेगळं. एकजण म्हणाला, वेल्डिंग करा. त्याला बाजूला काढलं.

दोन गोल पूर्ण परत आले. तिसरा आला, पण जरा नाकात बोलायला लागला. उवेने तो दहा वेळा वाजवला. मग म्हणाला, विन्स्टनसुद्धा नाकातच गायचा.

बशीरभाई पैसे घेईनात. म्हणाले, गाड़ी का होता तो लेता. मग मी त्यांना दोन किलो खजूर दिला. कशात दिला हे विचाराल तर पिशवीत दिला.

ऊद मेथा, सहावा दिवस

कार्यक्रम ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेच्या सभागृहात होता. पत्रिकेवर छापलं होतं, सायंकाळी ठीक पाच. बँडची वेळ पाच ते साडेसहा.

आता हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. पत्रिकेवर ठीक पाच असेल तर त्याचा अर्थ, पाच वाजता आंघोळीला जा. अविनाशने पाच लिहिलं ते लोक सहाला यावेत म्हणून. लोकांना हे ठाऊक, म्हणून ते सव्वासहाला येणार. अविनाशला हेही ठाऊक. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं म्हणून आपले समारंभ सुरळीत पार पडतात. फक्त जर्मनांना कुणी सांगितलं नव्हतं.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी उवे आणि होल्गर मंचावर उभे. पाच वाजले. उवेने काठ्या उचलल्या.

"अरे, थांबव त्यांना," मी अविनाशला म्हटलं.

तो धावला. "हबीबी, वेट, वेट. पीपल आर कमिंग. इन्शाल्ला, हाफ अॅन आवर."

उवेने नम्रपणे करारपत्र दाखवलं. पाच म्हणजे पाच. साडेसहानंतर सभागृहाच्या नियमाप्रमाणे मंच रिकामा करायचा असं त्यात अविनाशनेच लिहून दिलं होतं. तीनशे खुर्च्यांपुढे त्यांनी वाजवायला सुरुवात केली. प्रेक्षक किती? मी, मधुरा, इरा, रखवालदार, वेळेआधी पोहोचलेले एक निवृत्त न्यायाधीश, आणि मागे गुळाच्या पोळ्यांचे डबे उतरवणारी जेवणाची माणसं. आम्ही जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवल्या. मी आणि मधुराने उठून दोन गिरक्यासुद्धा घेतल्या. पण उवेला फसवणं सोपं नव्हतं. यजमानीण उठली म्हणजे लोक उठले असं होत नाही. 'मोज्यांशिवाय त्रिनिदादला' त्याने रिकाम्या खुर्च्यांना म्हणून दाखवलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी पहिली पैठणी आली. मग एकदम लोंढा. पार्किंग मिळालं नाही, ट्रॅफिक होता, मुलाचा मोजा सापडला नाही. दारात तिळगूळ आणि भडंगाची पुडी देत होतो, ती घेऊन लोक स्थानापन्न झाले. सव्वासहाला सभागृह भरलं. बँडची पंधरा मिनिटं उरली होती, आणि त्याच वेळी अविनाशने दीपप्रज्वलन सुरू केलं.

मग अध्यक्षांचा सत्कार. मग उवे आणि होल्गरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. नारळबंधूंना नारळ मिळाला तेव्हा दोघेही गोंधळून एकमेकांकडे बघत होते. मग अविनाशने खिशातून कागद काढला.

"मित्रहो, वेस्ट इंडीजची वेगवान गोलंदाजी म्हटली की..."

त्याने भाषण फेकलं नव्हतं. जर्मन असोत की कोणी असोत, लिहिलेलं वाया घालवायचं नाही, हे आमच्या घराण्याचंच वळण. प्रेक्षकांनी भडंगाच्या पुड्या सोडल्या. सहा वाजून बावीस मिनिटं झाली. मंचाच्या कोपऱ्यात होल्गर वाकून एक केबल गुंडाळून पिशवीत टाकत होता. उवे खाली बघून विन्स्टनच्या भांड्यावर कापड घालत होता.

मी बावीस वर्षं कार्यालय चालवते. मुहूर्त टळत चालला की काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको.

मी इराला पकडलं. "त्याला सांग, कापड काढ. मी माइकवर काहीतरी म्हणेन. शेवटचा शब्द 'सावधान'. तो शब्द संपला की त्या क्षणाला वाजवायचं. आधी नाही, नंतर नाही. जितक्या जोरात जमेल तितक्या."

इरा मंचावर पळाली. उवेने ऐकलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "एक्झॅक्टली?"

"एक्झॅक्टली," मी म्हटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला खरी वेळ सांगत होतं. त्याचा चेहरा उजळला.

अविनाश तिसऱ्या गोलंदाजाच्या रनअपवर होता. मी माइक काढून घेतला. "ताई, अजून सेकंड पेज आहे," तो कुजबुजला. मी डोळे मिटले, देवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि मंगलाष्टकाच्या चालीत, पोटातून आवाज काढला:

"आले जर्मनदेशिचे रसिक हे वाद्यांस घेऊनिया,
सारे मंडळ ये उशीर करुनी, कुर्यात्सदा मंगलम्..."

पहिल्या ओळीच्या निम्म्यातच खुर्च्या वाजल्या. डोळे किलकिले करून पाहिलं. तीनशे माणसं उठून उभी. कोणाचं लग्न, नवरा कुठे, नवरी कुठे, काही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मंगलाष्टक ऐकू आलं की मराठी माणसाचे गुडघे आपोआप सरळ होतात. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. न्यायाधीशांनी चष्मा काढून हात जोडले. आणि प्रत्येकाच्या मुठीत जे होतं ते, अक्षता समजून, वर आलं.

"शुभ मंगल सावधान!"

उवेने भांड्यावर असा घाव घातला की बशीरभाईंनी ऐकला असता तर अभिमानाने दाढी कुरवाळली असती. होल्गर कीबोर्डवर तुटून पडला. आणि मंचावर भडंगाचा पाऊस पडला. शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, सगळं जर्मनांच्या डोक्यावर. उवे त्या पावसात उभा राहून समोर बघत होता. तीनशे माणसं उभी होती. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो 'मोज्यांशिवाय त्रिनिदादला' गात होता.

इराने पुढच्या बाईच्या खांद्यांवर हात ठेवले. "आत्या, कम ऑन, ट्रेन," असं म्हणून तिने मला मागे जोडलं. माझ्यामागे मधुरा, तिच्यामागे अध्यक्ष, मग न्यायाधीश. पैठण्यांची आगगाडी खुर्च्यांमधून निघाली. चौथ्या फेरीला लोकांना जर्मन ध्रुवपद पाठ झालं होतं, अर्थ कुणालाच माहीत नव्हता. साडेसहा वाजले. रखवालदार मंच रिकामा करायला आला आणि अविनाशच्या मागे जोडला गेला. उवेच्या मनगटावर घड्याळ होतं. त्याने ते एकदाही बघितलं नाही. सव्वासातला, बोटं दुखायला लागली म्हणून, तो थांबला.

लोक घाम पुसत होते. उवे मंचाच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. केसांत शेंगदाणे. इरामार्फत त्याने विचारलं, मी नेमकं काय म्हटलं होतं, ज्याने सगळे उठले?

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या भांड्याच्या बाबतीत माझ्या खात्यावर एक पाप आधीच होतं. मी खरं ते सांगितलं. हे आम्ही लग्नात म्हणतो. ते ऐकलं की आमची माणसं उठतात. कुणासाठीही उठतात. त्यांना सवय असते.

उवेचा चेहरा हळूहळू उतरला. "सो दे डिड नॉट गेट अप फॉर अस," तो म्हणाला. एवढं मला इराशिवाय कळलं.

"नाही," मी म्हटलं. "उठवलं मी. इरा, आता नीट सांग ह्याला, एक शब्द गाळू नकोस. आमच्याकडे अक्षता पडल्या की दुसऱ्या मिनिटाला अख्खा मांडव जेवणाकडे पळतो. नवरानवरीकडे कुणी ढुंकून बघत नाही. आईबाप पळतात, गुरुजी पळतात. बावीस वर्षं मी दारात उभी राहून त्यांना थोपवतेय, एकदाही जमलेलं नाही. आज मागे गुळाच्या पोळ्या उघड्या होत्या. तुपाचा वास इथपर्यंत येत होता. पाऊण तास."

मी मागच्या टेबलांकडे बोट दाखवलं. ताटांच्या चळती जशाच्या तशा होत्या.

इराने सांगितलं. उवे बघत राहिला. त्याच्यामागे होल्गर पिशवीची चेन ओढत होता, तो थांबला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्याशी तोंड उघडलं.

"नॉट वन?" त्याने विचारलं.

"नॉट वन," मी म्हटलं.

होल्गरने पिशवी उघडली आणि केबल परत बाहेर काढली.